पोखरणे, झिजणे आणि छेद देणे : ऱ्हासवाचक इंग्रजी क्रियापदे व मराठी अनुवादाचा प्रश्न

मराठी समीक्षेत 'छेद देणे' हा वाक्प्रयोग आता इतका रुळला आहे की त्यावाचून एखादे परीक्षण पुरे होणे कठीण व्हावे. कादंबरी पुरुषसत्ताक मूल्यांना छेद देते, कविता परंपरेला छेद देते, नाटक प्रेक्षकाच्या अपेक्षांना छेद देते. या प्रयोगामागे बहुधा एखादे इंग्रजी क्रियापद उभे असते. मात्र ते नेहमी एकच नसते. कधी ते 'सबव्हर्ट' असते, कधी 'अंडरमाइन', कधी 'इरोड', आणि कधी दोन रेषा परस्परांना छेदतात त्या अर्थाचे 'इंटरसेक्ट'. छेद एका घावाने होतो, तो बाहेरून दिला जातो आणि दिसतो. पहिल्या तीन इंग्रजी क्रियापदांत मात्र यांपैकी एकही गोष्ट अनिवार्य नाही. 'अंडरमाइन' आणि 'इरोड' यांच्या अर्थाचा गाभाच असा की हानी सावकाश, पुष्कळदा नजरेआड होते, आणि ती झाली हे वस्तू कोसळल्यावर किंवा विरल्यावर कळते. हळूहळू दुर्बल करण्याच्या या क्रियापदांचा स्वभाव काय आणि मराठीत त्यांना उतरवताना नेमके काय हातून निसटते, याचा विचार येथे केला आहे. पर्यायी शब्दांची यादी देणे हा त्याचा हेतू नाही. तशी यादी कोणताही इंग्रजी-मराठी कोश देतो, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

'अंडरमाइन' हा शब्द मुळात वेढ्याच्या युद्धाचा. तटबंदी फोडण्यासाठी शत्रू तटाच्या पायाखाली भुयार खणत जाई, वरचा भार पेलण्यासाठी लाकडी टेकू लावी, आणि भुयार पुरेसे पुढे गेले म्हणजे टेकूंना आग लावी. टेकू जळले की वरचा तट आपल्याच भाराने खाली बसे. इंग्लंडचा राजा जॉन याने १२१५ साली रोचेस्टरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा टेकू पेटवण्यासाठी खाण्यास नालायक पण अत्यंत चरबीदार अशी चाळीस डुकरे तातडीने मागवल्याची नोंद आहे. त्या आगीने बालेकिल्ल्याचा एक कोपरा ढासळला. पुढे तो चौकोनीऐवजी गोल बांधला गेला, आणि हा फरक आजही दिसतो. या क्रियेत तीन घटक एकवटले आहेत. काम जमिनीखाली, म्हणजे नजरेआड चालते. त्याला वेळ लागतो. आणि ते करणारा शत्रू जाणूनबुजून, योजनेने ते करतो. लाक्षणिक अर्थ मध्ययुगीन इंग्रजीतच रूढ झाला, आणि या तिन्ही घटकांच्या खुणा घेऊनच तो पुढे आला. 'हॅम्लेट'मध्ये शत्रूंच्या भुयाराखाली आपण आणखी एक यार्ड खोल खणू असे नायक म्हणतो, तेव्हा प्रेक्षकांपुढे खणणारी माणसे आणि माती उभी राहत असे. आजच्या वाचकाला तेथे केवळ कटकारस्थान दिसते.

'सॅप' हे याच घरातले क्रियापद. इटालियनमध्ये 'झाप्पा' म्हणजे कुदळ. तेथून फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत आले. तटाच्या रोखाने खणत नेलेल्या आडोशाच्या चराला 'सॅप' आणि तो खणणाऱ्या सैनिकाला 'सॅपर' म्हणत. पुण्याजवळ खडकी येथे ठाणे असलेले 'बॉम्बे सॅपर्स' हे नाव त्याच कुदळीची आठवण आहे. हिंदुस्थानी फौजेच्या बोलीत 'सॅपर्स अँड मायनर्स' यांचे 'सफरमैना' झाले, हा ध्वनिपरिवर्तनाचा गमतीदार नमुना. खणण्याची कुदळ गेली आणि प्रवास व पक्षी आले. अठराव्या शतकात लॉरेन्स स्टर्न याने 'ट्रिस्ट्रम शँडी'तील अंकल टोबी या पात्राला वेढ्याच्या परिभाषेचे वेड लावले आणि तिचा विनोदासाठी मनमुराद उपयोग केला. तो विनोद वाचकाला कळत होता, याचा अर्थ ही परिभाषा तोवर जिवंत होती. पुढे ती विझली. आता 'तापाने त्याची शक्ती सॅप केली' असे इंग्रजी वाक्य वाचणाऱ्याच्या मनात चर येत नाही, येतो तो झाडातला जीवनरस. कारण 'सॅप' याच उच्चाराचा एक वेगळा, जुन्या इंग्रजीतला शब्द रसवाचक आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही सरमिसळ चूक असली तरी वापरणाऱ्यांच्या जाणिवेत ती घडली आहे. म्हणून मराठी अनुवादकाने 'शक्ती शोषून घेतली' असे म्हटले तर त्याला दोष देता येत नाही. सावध राहायचे ते दुसऱ्याच कारणाने. मराठीत 'शोषण' या नामाला गेल्या शतकात जो वर्गीय अर्थ चिकटला, तो तापाला किंवा दुःखाला लावता येत नाही.

आता मराठीकडे पाहू. 'अंडरमाइन' या शब्दासमोर कोशकारांना सर्वांत आधी सुचणारा शब्द म्हणजे 'सुरुंग'. 'सुरुङ्गा' हा शब्द संस्कृतात अर्थशास्त्रात येतो, आणि ग्रीकातील 'सिरिंक्स' या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. महाभारतातील जतुगृहातून पांडव निसटतात ते विदुराने धाडलेल्या खनकाने खणलेल्या भुयारातून. म्हणजे प्राचीन काळी या शब्दाचा अर्थ भुयार असाच होता, आणि तेथपर्यंत इंग्रजी आणि भारतीय शब्दांची वाट एकच आहे. ती फुटते बारुदीपाशी. बारूद आल्यावर इंग्रजी शब्दाने जुनी, खणण्याची प्रतिमा सोडली नाही. मराठी 'सुरुंग' मात्र स्फोटाचा झाला. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने लढवलेला चाकणचा संग्रामदुर्ग शायिस्ताखानाच्या फौजेने सुमारे दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर घेतला, तो एका बुरुजाखाली सुरुंग उडवून. मराठी ऐतिहासिक स्मृतीत सुरुंग आहे तो असा. त्या दोन महिन्यांचे खणणे स्मृतीत राहिले नाही, राहिला तो उडालेला बुरूज. पुढे विहिरी आणि रस्ते यांच्या कामांनी हा अर्थ खेडोपाडी पक्का केला. म्हणून 'सहकाऱ्यांनी त्याच्या अधिकाराला सुरुंग लावला' या वाक्यात हेतू आहे, गुप्तताही आहे, पण सावकाशी नाही. सुरुंग लावला म्हणजे आता तो उडणार.

दुसरा पर्याय 'पोखरणे'. येथे सावकाशी आणि नजरेआडपणा दोन्ही आहेत. पण मराठीत पोखरतो कोण? घूस, उंदीर, भुंगा, वाळवी, कीड. यांपैकी कोणालाही घर पाडायचे नसते, प्रत्येकाला आपले पोट भरायचे असते. शंकेचा भुंगा डोके पोखरतो तेव्हाही शंकेला काही हेतू नसतो. मराठीत एकच क्रियापद सावकाशी आणि शत्रूचा हेतू दोन्ही पेलीत नाही, असे म्हणावे लागते : 'सुरुंग लावणे' यात हेतू आहे पण काळ नाही, 'पोखरणे' यात काळ आहे पण हेतू नाही. अनुवादकाला 'पद्धतशीरपणे पोखरले', 'जाणीवपूर्वक पोखरत नेले' असे क्रियाविशेषणाचे ठिगळ लावावे लागते. हे ठिगळ कमीपणाचे नाही. ते लावायचे की नाही, हे ठरवण्यासाठी मूळ वाक्यात हेतू होता की नव्हता हे मात्र पाहावे लागते. इंग्रजी लेखक पुष्कळदा ते संदिग्ध ठेवतो, कारण 'अंडरमाइन'चा कर्ता माणूसही असू शकतो आणि दिरंगाई किंवा महागाईही.

'इरोड' आणि 'करोड' ही क्रियापदे लॅटिन 'रोडेरे', म्हणजे कुरतडणे, या धातूपासून आलेली. उंदरांच्या वर्गाचे 'रोडंट' हे नावही तेथलेच. ही माहिती मिळाली की उत्साही विद्यार्थी 'इरोड' साठी 'कुरतडणे' योजतो. हा मोह आवरावा. इंग्रजी भाषकाच्या मनात 'इरोड' मधला उंदीर केव्हाच मेला आहे, तेथे आता नदी, वारा आणि किनारा आहे. विशेषतः एकोणिसाव्या शतकात भूशास्त्राचा प्रसार झाला, तेव्हापासून या शब्दाला दीर्घ काळाची आणि निर्हेतुकतेची जोड मिळाली. मराठी 'कुरतडणे' मध्ये मात्र उंदीर अजून जिवंत आहे, त्याचे दात ऐकू येतात. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे तत्त्व सगळ्यांना पाठ असते आणि नेमके अनुवादाच्या वेळी विसरले जाते. 'इरोड' ला जवळचे मराठी शब्द शेतीत सापडतात : जमिनीची धूप होते, बांध धुपतो, पहिल्या पावसात उताराची माती खरवडून निघते. 'धुपणे' हे क्रियापद लाक्षणिक अर्थाने फारसे वापरले गेलेले नाही. लोकांचा विश्वास धुपत गेला, असे कोणी लिहिले तर आज ते किंचित अपरिचित वाटेल, पण कोणाही शेतकऱ्याला कळेल. भाषेत शब्द असताना तो प्रमाण लेखनात का आला नाही, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. वृत्तपत्री मराठीने त्याऐवजी 'विश्वासाला तडा जाणे' पसंत केले. तडा एका क्षणी जातो, धूप पिढीभर चालते.

येथवर शब्दार्थाचा विचार झाला. खरी गुंतागुंत वाक्यरचनेत आहे. इंग्रजीत 'इरोड' आणि 'करोड' यांचा वापर सकर्मक व अकर्मक असा दोन्ही प्रकारे होतो. लाटा खडक इरोड करतात, आणि खडक आपणहून इरोड होतो. बेथ लेव्हिन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी क्रियापदांच्या वर्गीकरणात ही क्रियापदे गंजणे-कुजणे यांच्या जोडीला येतात. त्या गटातील क्रियापदांनी दाखवलेला बदल वस्तूच्या स्वभावातूनच होतो असे मानले जाते. 'अंडरमाइन' आणि 'सॅप' यांची गोष्ट वेगळी. तट अंडरमाइन 'झाला' असे इंग्रजीत अकर्मक रूपाने म्हणता येत नाही. म्हणायचेच तर कर्मणी रचना करावी लागते, आणि कर्मणी रचनेत कर्ता अदृश्य असला तरी त्याची सावली राहते. 'विश्वास इरोड झाला' असे लिहिणारा इंग्रजी लेखक कोणालाही जबाबदार धरीत नाही. 'विश्वास अंडरमाइन केला गेला' असे लिहिणारा, नाव न घेता, कोणीतरी ते केले असे सांगतो. संसदीय भाषणांत आणि चौकशी अहवालांत यांपैकी कोणते क्रियापद निवडले आहे हे काळजीपूर्वक पाहिले तर पुष्कळ काही कळते.

मराठीची घडण या बाबतीत उलट्या बाजूने झुकते. 'झिजणे', 'खचणे', 'विरणे', 'खंगणे', 'गंजणे', 'डळमळणे' ही मूळ रूपे अकर्मक आहेत. 'झिजवणे', 'खचवणे' ही प्रयोजक रूपे त्यांच्यापासून साधलेली आहेत आणि तुलनेने कमी वापरात आहेत. शिवाय अमूर्त नामाला सकर्मक क्रियापदाचा कर्ता करणे मराठीला अजूनही पूर्णपणे मानवत नाही. 'दिरंगाई न्यायसंस्थेवरील विश्वास खचवते' हे वाक्य व्याकरणशुद्ध असले तरी अनुवादित वाटते. 'दिरंगाईमुळे न्यायसंस्थेवरील विश्वास खचतो' हे सहज वाटते. '-मुळे' हा प्रत्यय येथे मोठे काम करतो, पण तेवढाच मोठा बदलही करतो. कर्ता कारण होतो, आणि क्रिया घटना होते. मूळ इंग्रजी वाक्यात कर्ता दिरंगाई असेल तर यात फारसे बिघडत नाही. कर्ता माणूस किंवा संस्था असेल तर मात्र बिघडते. 'व्यवस्थापनाने कामगार संघटना अंडरमाइन केली' याचा 'व्यवस्थापनामुळे कामगार संघटना खिळखिळी झाली' असा अनुवाद वाचायला सुखद आहे, पण त्याने आरोप पुसला. ओघवत्या मराठीचा आग्रह धरताना नेमके हे घडते. शिक्षकांनी अनुवादाच्या वर्गात विद्यार्थ्याचे वाक्य 'मराठी वळणाचे' करून देण्यापूर्वी त्यातून कर्ता हरवला नाही ना, एवढे तपासावे.

सावकाशी दाखवण्याची साधनेही दोन्ही भाषांत वेगळी आहेत. इंग्रजी ती धातूच्या प्रतिमेत ठेवते, किंवा धातूमागे एखादे अव्यय जोडते. 'वेअर' या एकाच क्रियापदाची तीन रूपे पाहावीत. 'आउट' जोडले की वस्तू वापराने निकामी होते, 'अवे' जोडले की तिचे द्रव्य नाहीसे होते, आणि 'डाउन' जोडले की माणसाचा प्रतिकार संपतो. 'चिप अवे ॲट' मधील 'ॲट' तर असे सुचवते की टवके उडत आहेत, पण मूळ खडक अजून उभा आहे. 'व्हिटल' हे मुळात चाकूचे नाव. लाकूड तासणारा तो चाकू आता अंदाजपत्रके आणि हक्क तासतो. मराठी हेच काम संयुक्त क्रियापदांनी करते. मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (१९११) संयुक्त क्रियापदांवर वाद चालत आला आहे. त्याचा निकाल काहीही लागो, अर्थच्छटांची ही समृद्धी अनुवादकाच्या हाती आहेच. पोखरत जाणे, पोखरत नेणे, पोखरत राहणे, पोखरत आणणे, पोखरून काढणे, पोखरून टाकणे. यांत 'नेणे' मध्ये दिशा आणि योजना डोकावते, 'राहणे' मध्ये चिकाटी, 'आणणे' मध्ये काम संपत आल्याची सूचना, आणि 'टाकणे' मध्ये समाप्ती. वर 'पोखरणे' मध्ये हेतू नाही असे म्हटले, ती उणीव 'पोखरत नेणे' काही अंशी भरून काढते. इंग्रजी शब्दाला मराठी शब्द शोधणारा अनुवादक या साधनांकडे दुर्लक्ष करतो, कारण कोशात सहायक क्रियापदे सापडत नाहीत.

'झिजणे' या शब्दाबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. इंग्रजी 'वेअर' चा हानिवाचक अर्थ कपडे अंगावर घालण्याच्या अर्थातून आला : घालून घालून वस्त्र विरते. त्यात गौरव नाही. मराठीत मात्र चंदन झिजते. सहाणेवर झिजणारे चंदन हा आपल्याकडे परोपकाराचा इतका जुना दृष्टांत आहे की 'ते संस्थेसाठी आयुष्यभर झिजले' हे वाक्य शोकसभेत स्तुतीचे ठरते. झिजणारा स्वतः झिजतो, तो झिजवला जात नाही. आता एखाद्या इंग्रजी कादंबरीतील कारकून कचेरीने 'वॉर्न डाउन' झाला आहे असे समजा. अनुवादकाने 'कचेरीत तो झिजला' असे लिहिले की कादंबरीकाराने बळी म्हणून उभा केलेला माणूस मराठीत सेवाव्रती होतो. उलट दिशेनेही हाच घोटाळा होतो. मराठी चरित्रांतील 'झिजणे' इंग्रजीत नेताना त्यागाचा अर्थ गळून केवळ थकवा उरतो. अशा ठिकाणी 'पिचणे' किंवा 'खंगणे' अधिक प्रामाणिक. 'पिचणे' मध्ये बाहेरचा दाब आहे, 'खंगणे' मध्ये आजार आणि कुढणे.

'एनर्व्हेट' आणि 'खच्ची करणे' यांचे साम्य येथे ओझरते नोंदवण्याजोगे आहे. लॅटिनमध्ये 'एनर्व्हारे' म्हणजे स्नायूची शीर कापणे. मराठी शब्द मुळात बैलाच्या खच्चीकरणाचा. दोन्ही एका घावाच्या क्रिया. तरीही इंग्रजी शब्द आज सावकाश येणाऱ्या ग्लानीसाठी वापरला जातो, आणि 'मनोधैर्याचे खच्चीकरण' हेही वर्षानुवर्षे चालू शकते. प्रतिमा मेली की भाषा तिच्या तर्काला बांधील राहत नाही. इंग्रजीत तर 'एनर्व्हेट' चा अर्थ उत्साह देणे असा उलटा समजणारे इतके झाले आहेत की कोशांना सावधगिरीची सूचना द्यावी लागते.

पुन्हा समीक्षेकडे. लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० च्या 'मेटाफर्स वी लिव्ह बाय' मध्ये इंग्रजी भाषक युक्तिवादाकडे इमारत म्हणून पाहतात, असे दाखवले : त्याला पाया असतो, आधार असतो, तो डळमळतो, कोसळतो. 'अंडरमाइन' चे समीक्षेतील स्थान या इमारतीमुळे आहे. विरचनावादी समीक्षेने त्यात एक मोठा बदल केला. तिच्या मते संहितेचा पाया खणणारा शत्रू बाहेर नसतो. संहिता ज्या विरोधांवर उभी असते, त्यांचेच वर्तन तिचा दावा आतून पोकळ करीत असते. येथे अचूक मराठी वाक्य 'संहिता स्वतःलाच पोखरत असते' असे होईल, आणि 'पोखरणे' मधील निर्हेतुकता येथे उणीव न राहता नेमकी हवीशी ठरेल. याउलट 'संहिता स्वतःलाच छेद देते' असे लिहिले की सिद्धान्ताचा गाभाच जातो. छेदाला बाहेरचे पाते लागते. स्त्रीवादी किंवा दलित साहित्याच्या चर्चेत मात्र पाते खरोखर असू शकते. बाबूराव बागूल यांचे 'जेव्हा मी जात चोरली होती!' (१९६३) किंवा नामदेव ढसाळ यांचे 'गोलपिठा' (१९७२) प्रस्थापित अभिरुचीला पोखरत नाहीत. ती उघडपणे, एका दमात तिच्यावर घाव घालतात, आणि तेथे 'छेद' हाही शब्द मवाळ पडतो. म्हणजे तक्रार 'छेद' या शब्दाविरुद्ध नाही. लेखकाने काय केले, हे न पाहता तो वापरण्याविरुद्ध आहे.

'सबव्हर्ट' चा प्रश्न समीक्षेबाहेर अधिक गंभीर होतो. लॅटिन अर्थ 'खालून उलथणे'. इंग्रजीत तो राज्यसंस्थेविरुद्धच्या छुप्या कृतींसाठी रूढ झाला. मराठी वृत्तपत्रांत आणि शासकीय भाषेत 'सबव्हर्सिव्ह' साठी 'विध्वंसक' हा शब्द स्थिरावला आहे. 'विध्वंसक कारवाया' वाचणाऱ्याला उद्ध्वस्त पूल आणि जळते रुळ दिसतात. इंग्रजी शब्दात मात्र पत्रक, भाषण, एखादी संघटना यांचाही समावेश होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १५२ व्या कलमाच्या इंग्रजी पाठात हा शब्द आहे. त्याचा व्याप किती हे न्यायालये ठरवतील. पण मराठी वाचकाने 'विध्वंसक' या शब्दावरून तो ठरवला तर त्याची समजूत मूळ पाठाहून बरीच अरुंद राहील.

अशा शब्दांवर माणसाचे भवितव्य अवलंबून असते, हे मराठीने अनुभवले आहे. १९०८ मध्ये 'केसरी'तील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा ज्यूरीतील नऊपैकी सात सभासद युरोपीय होते आणि त्यांच्यापुढे होते ते लेखांचे इंग्रजी भाषांतर. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि बचावाच्या दीर्घ भाषणात एकेका मराठी शब्दाचे भाषांतर मूळ लेखापेक्षा कसे भडक झाले आहे, हे दाखवण्याचा प्रयत्न केला. कोशात दिलेला पर्याय अचूक असू शकतो आणि त्या वाक्यात तोच चूक ठरू शकतो, हा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले, आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली.